तुमच्या रायफलला कोणतं पेलेट मानवतं? रेंजवर टेस्टिंग कसं करायचं

दहा मीटर एअर रायफल सुरू करून वर्ष-दीड वर्ष झालं, स्वतःची रायफल घेतली, की रेंजवरचं कोणीतरी विचारतंच, "पेलेट टेस्ट केलंस का?" (पेलेट म्हणजे एअर रायफलमधून सुटणारी शिशाची छोटी गोळी.) आणि मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं ४.५० (पेलेटच्या डोक्याचा व्यास, मिमीत) घे, कोणी म्हणतं ४.४९ शिवाय हात लावू नकोस, कोणी सगळ्यात महागड्या डबीचं नाव सांगतं. हे सगळे सल्ले त्यांच्या त्यांच्या रायफलपुरते खरे असतात. तुमच्या रायफलचं बॅरल वेगळं आहे, त्यामुळे उत्तरही तुम्हालाच काढावं लागतं. ते नीट कसं काढायचं, ते इथे क्रमाने लिहितो आहे. मी स्वतः क्लबच्या पातळीवरचा नेमबाज आहे, आणि नव्या मुलांबरोबर व त्यांच्या आईबाबांबरोबर हे काम बऱ्याचदा केलं आहे.

अमेरिकेत सेंटरफायर (मोठ्या काडतुसांच्या) रायफलवाले स्वतः काडतुसं भरतात, दारूचं वजन थोडं थोडं बदलतात आणि रेंजवर ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या शॉट्सचा पुंजका) मारून बघतात. आपल्या खेळात तो प्रश्न येत नाही. एअर रायफलमध्ये भरायला काही नसतं आणि .२२ चं रिमफायर काडतूस पुन्हा भरण्यासारखं नसतं. आपल्या हातात फक्त निवड असते. पण तपासायची रीत तीच आहे: रायफल स्थिर करा, एका वेळी एकच गोष्ट बदला, ग्रुप मोजा.

१. आधी ठरवा: तुम्हाला याची गरज आहे का?

हा टप्पा सगळे गाळतात, म्हणून यावर जरा थांबतो.

दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका ०.५ मिमी व्यासाचा असतो आणि पेलेट ४.५ मिमीचं. दशांश गुणांत प्रत्येक ०.१ म्हणजे मध्यापासून पाव मिमी. पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून पाव मिमीच्या आत असेल तर १०.९, अडीच मिमीवर असेल तर १०.० आणि त्यापलीकडे ९.९. हे गणित डोक्यात पक्कं बसवा, पुढे सगळीकडे लागेल.

आता समजा एक पेलेट तुमच्या रायफलमधून स्टँडवर १ मिमीचा ग्रुप देतं आणि दुसरं २ मिमीचा (छिद्रांच्या मध्यांमधलं सगळ्यात मोठं अंतर). ऐकायला दुप्पट फरक वाटतो. पण तुमच्या हाताची हालचाल आणि पेलेटचं विखुरणं यांची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची बेरीज होते. साठ शॉटमध्ये ६०० च्या आसपास स्कोअर असणाऱ्या नेमबाजाचा दहा शॉटचा ग्रुप साधारण ७ मिमीचा असतो. त्यात चांगलं पेलेट घातलं तर एकूण ७.०७, वाईट घातलं तर ७.२८. साठ शॉटमध्ये हा फरक जेमतेम दीड गुणाचा होतो. ६२५ मारणाऱ्याचा ग्रुप ४ मिमीचा धरला तर ४.१२ आणि ४.४७, म्हणजे साठ शॉटमध्ये पावणेतीन-तीन गुण.

त्याच्यासाठी हे गुण फार मोठे आहेत. पॅरिस २०२४ च्या पुरुषांच्या पात्रता फेरीत अर्जुन बाबुता ६३०.१ गुणांवर सातवा येऊन फायनलला गेला आणि संदीप सिंग ६२९.३ वर बारावा राहिला. मध्ये फक्त ०.८ गुण. पण ज्याचा स्कोअर अजून ५९० आहे त्याने या दीड गुणासाठी चार डब्या आणि सुट्टीचा दिवस घालवण्यापेक्षा होल्डिंग (रायफल स्थिर धरणं) आणि ट्रिगरवर तो दिवस घालवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ६१०-६१५ च्या पुढे स्कोअर स्थिर झाला की टेस्टिंगला बसा. तोपर्यंत सर किंवा मॅडम जे चांगलं मॅच पेलेट सांगतील ते वापरा आणि सारखं बदलू नका.

एका बाबतीत अपवाद. रायफल सेकंडहँड घेतली असेल आणि ग्रुप अचानक विचित्र येत असतील, तर स्कोअर कितीही असो, एकदा स्टँडवर लावून बघाच. दोष रायफलचा आहे की तुमचा, ते लगेच कळतं.

२. काय काय लागेल

कागदपत्रं फार नाहीत: रेंजचं सभासद कार्ड, रायफलचं बिल आणि आयात केलेली असेल तर त्याची कागदपत्रं. ४.५ मिमीच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला आपल्याकडे शस्त्र परवाना लागत नाही. मॅच रायफल सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेग देते, म्हणजे साडेसात-आठ ज्यूल, त्यामुळे ती या मर्यादेत आरामात बसते. तरी कागदांच्या झेरॉक्स रायफलच्या बॅगेत ठेवा, प्रवासात उपयोगी पडतात.

साहित्य:

- रायफल धरून ठेवणारा स्टँड किंवा व्हाइस. बऱ्याच मोठ्या रेंजवर असतो, आधी फोन करून विचारा.
- रायफलचा हवेचा सिलिंडर पूर्ण भरलेला, शक्यतो एक जादा.
- बॅरल साफ करायचे फेल्ट (नमद्याचे छोटे बोळे).
- कागदी टार्गेट कार्डं, सगळी एकाच गठ्ठ्यातली.
- व्हर्नियर कॅलिपर, डिजिटल असेल तर उत्तम.
- भिंग आणि छोटी टॉर्च.
- वही आणि बारीक टोकाचं पेन.
- क्रोनोग्राफ (पेलेटचा वेग मोजणारं यंत्र) मिळाला तर छान, नाही मिळाला तरी अडत नाही.

इलेक्ट्रॉनिक टार्गेट असलं तरी टेस्टिंगला मी कागदच वापरतो. कार्ड हातात राहतं, वर्षभराने नव्या लॉटच्या (कारखान्यात एका वेळी बनलेल्या मालाच्या) कार्डाशेजारी ठेवून बघता येतं.

३. रेंजची वेळ आणि सुरक्षितता

सरावाच्या गर्दीत टेस्टिंग करू नका. दोन-तीन तास एक लेन अडवावी लागते, म्हणून दुपारची रिकामी वेळ मागून घ्या. रेंज ऑफिसरला काय करणार आहात ते सांगा. स्टँडवर घट्ट बसवलेली रायफलही भरलेली असू शकते, त्यामुळे कार्ड बदलताना बोल्ट उघडा, सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी आहे हे दाखवणारी खूण) लावा आणि कोणीही रेषेपुढे जात नाही हे बघा. इलेक्ट्रिक कार्ड कॅरिअर असेल तर पुढे जायची वेळच येत नाही.

पेलेट्स शिशाची असतात. लहान मुलं सोबत असली तर हे आधीच बजावा: पेलेट तोंडात धरायचं नाही, मध्येच वेफर्स खायचे नाहीत, काम झाल्यावर साबणाने हात धुवायचे. दिवसभर शिसं हाताळायचं असल्यामुळे टेस्टिंगच्या दिवशी हे नेहमीपेक्षा जास्त पाळायचं.

४. नमुने कसे निवडायचे

मॅच पेलेटच्या डबीत साधारण ५०० पेलेट्स असतात. डबीवर तीन गोष्टी बघा: वजन, हेड साइझ आणि लॉट नंबर.

वजन: रायफलसाठी ०.५३ ग्रॅमच्या आसपासचं पेलेट सर्रास वापरतात. हलकी पेलेट्स मुख्यतः पिस्तूलवाल्यांची. सुरुवातीला वजनाच्या भानगडीत पडू नका.

हेड साइझ: ४.४८ पासून ४.५२ मिमीपर्यंत मिळतात. बहुतेक रायफलींचं उत्तर ४.४९, ४.५० किंवा ४.५१ यांच्यात सापडतं. म्हणून दोन ब्रँड आणि प्रत्येकी तीन साइझ, असे सहा नमुने नव्या माणसाला पुरेसे आहेत.

लॉट नंबर: नवे लोक इथेच फसतात. तोच ब्रँड, तोच हेड साइझ, पण लॉट वेगळा असेल तर निकाल वेगळा येऊ शकतो. तुम्ही जी डबी टेस्ट केली तिच्यावरचा नंबर आणि नंतर विकत घेतलेल्या डब्यांवरचा नंबर एकच असला पाहिजे. आपल्याकडे पेलेट्स जर्मनीतून, चेक प्रजासत्ताकातून येतात आणि माल खेपेखेपेने येतो. दुकानात एकाच खोक्यात दोन लॉटच्या डब्या मिसळलेल्या मला दिसल्या आहेत. नमुना घेतानाच विचारून ठेवा: या लॉटच्या आणखी किती डब्या आहेत, आणि आठवडाभर बाजूला ठेवाल का?

मित्रांकडून वीस-वीस पेलेट्स मागून आणू नका. उघड्या डबीतली, खिशात फिरलेली पेलेट्स दबलेली असतात. टॉर्च तिरकी धरून भिंगातून पेलेटचा मागचा पोकळ घेर बघा. चांगल्या पेलेटची कड एकसारखी गोल दिसते, दबलेल्याची एका बाजूला अंडाकृती होते आणि त्या ठिकाणी शिसं जास्त चमकतं. असं पेलेट बाजूला काढा. सगळ्या नमुन्यांना हीच चाळणी लावा, एकालाच लावली तर तुलना फसते.

५. रायफल तयार करणं

स्टॉक (दस्ता) आणि ॲक्शन (बोल्ट-ट्रिगरचा मधला भाग) जोडणारे स्क्रू तपासा. कंपनीच्या पुस्तिकेत आवळण्याचा आकडा दिला असेल तर टॉर्क पान्याने तेवढंच आवळा. मग बॅरलमधून दोन-तीन फेल्ट मारा.

सिलिंडरवर मुदतीची तारीख असते, ती उलटलेली नाही ना हे बघा. पूर्ण भरून सुरुवात करा आणि दाब ८०-१०० बारच्या खाली जाऊ देऊ नका. दाब पडला की वेग कमी-जास्त होतो. पेलेटला दहा मीटर जायला सुमारे ०.०६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ते १७ मिमी खाली येतं. वेग सेकंदाला ५ मीटरने बदलला तर कार्डावर जवळपास १ मिमीचा उभा फरक पडतो. ग्रुप उभा लांबट येतोय असं दिसलं की आधी सिलिंडरच्या काट्याकडे बघा, पेलेटला दोष नंतर.

रायफल गाडीतून थेट आणली असेल तर अर्धा तास रेंजवर उघडी ठेवा. पुण्यात एप्रिल-मे महिन्यात डिकीतून काढलेली रायफल हाताला चटका देते. तिला रेंजच्या तापमानावर येऊ द्या.

६. स्टँडवर बसवणं

रायफल ॲक्शनच्या भागात किंवा कंपनीने सांगितलेल्या जागी धरा. सिलिंडरवर कधीही आवळू नका. बऱ्याच रायफलींच्या बॅरलवर पुढे बाहेरची नळी असते, तीही पकडू नका, त्याने बॅरलवर ताण येतो.

बसवल्यावर आधी स्टँडची परीक्षा घ्या. साइटमधून बघा, टार्गेट कुठे दिसतंय ते लक्षात ठेवा, दहा शॉट मारा, पुन्हा बघा. चित्र सरकलं असेल तर स्टँड हलतोय. टेबल हलत असेल तर पायावर वाळूची पोती ठेवा. हे नीट झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण हलणाऱ्या स्टँडवरचे सगळे आकडे फुकट असतात.

स्टँड मिळालाच नाही तर? टेबलावर बसा, पुढच्या भागाखाली वाळूची पिशवी, मागे दुसरी छोटी पिशवी. हल्लीच्या, सिलिंडरमधल्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या मॅच रायफलींना धक्का जवळजवळ नसतो, त्यामुळे ही पद्धतही बरीच विश्वासार्ह आहे. जुन्या स्प्रिंगच्या रायफलला मात्र ती चालत नाही, प्रत्येक वेळी पकड बदलली की ग्रुप सरकतो.

७. फायर कसं करायचं

अ) ब्रँड बदलला की पहिली वीस-पंचवीस पेलेट्स मोजायची नाहीत. आधीच्या पेलेटचा शिशाचा थर बॅरलमध्ये असतो, नव्याचा बसायला वेळ लागतो. एकाच ब्रँडच्या वेगळ्या साइझला पाच-सात पुरतात.

आ) प्रत्येक ग्रुप दहा शॉटचा, नव्या कार्डावर. पाच शॉटचा ग्रुप दिसायला सुंदर असतो. त्याच पेलेटचा दहाचा ग्रुप सरासरी पाव पट मोठा येतो, त्यामुळे एकाचे पाच आणि दुसऱ्याचे दहा अशी तुलना कधीच करू नका.

इ) प्रत्येक नमुन्याचे निदान चार-पाच ग्रुप हवेत. एकाच ग्रुपवर निर्णय घेणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. पहिल्या कार्डावर एकच स्वच्छ भोक दिसलं की माणूस तिथेच हुरळतो आणि वीस डब्यांची ऑर्डर देतो.

ई) क्रम फिरवा. पहिल्या फेरीत ४.४९, ४.५०, ४.५१, तर दुसऱ्या फेरीत उलटा. नाहीतर शेवटच्या नमुन्याच्या वाट्याला नेहमी कमी दाब आणि तापलेली खोली येते.

उ) पेलेट भरताना बोटाने तिरकं ढकलू नका. सरळ ठेवा, बोल्ट एकाच जोराने बंद करा. ट्रिगर हळू दाबा, स्टँडवर असलात तरी.

ऊ) कार्डामागे पेन लावून लगेच लिहा: नमुना, लॉट, ग्रुप क्रमांक, सिलिंडरचा दाब. "नंतर लिहितो" म्हटलं की कार्डं हमखास मिसळतात.

टेस्टिंग चालू असताना साइटला हात लावायचा नाही. ग्रुप टार्गेटच्या मध्यावर आहे की कोपऱ्यात याने काही फरक पडत नाही, आपण फक्त त्याचा आकार बघतोय. आणि एखादा शॉट बाहेर गेला तर तो धरायचाच. स्टँडवर तुमची चूक नसते. तो शॉट पेलेटचाच आहे, आणि मॅचमध्येही तो तसाच येणार.

८. मोजणी

कार्ड उजेडासमोर धरा. फाटलेल्या भोकाच्या कडेला शिशाची राखाडी कडी दिसते. पेलेटची खरी हद्द ती कडी आहे, कागदाचा फाटका काठ नाही. कॅलिपर त्या कडीच्या बाहेरच्या काठावर, ग्रुपच्या सगळ्यात लांब दिशेला लावा. येईल त्या आकड्यातून ४.५ वजा करा. बाहेरून ५.६ मिमी आलं तर ग्रुप १.१ मिमीचा.

आकडे कसे वाचायचे: स्टँडवर दहा शॉटचा ग्रुप बाहेरून ५.५ मिमीच्या आसपास येत असेल तर पेलेट उत्तम. नीट झीरो केल्यावर (साइट जुळवून ग्रुप मध्यावर आणल्यावर) ते स्वतःहून १०.८ च्या खाली जाणार नाही. सहापर्यंत चांगलं. साडेसहाच्या वर सातत्याने येत असेल तर तो नमुना सोडून द्या. सगळेच नमुने सातच्या वर येत असतील तर पेलेट्स बदलत बसू नका. स्टँड, स्क्रू, बॅरलची सफाई या क्रमाने तपासा आणि तरीही जमलं नाही तर रायफल गनस्मिथकडे न्या.

९. निर्णय

प्रत्येक नमुन्याच्या ग्रुपची सरासरी काढा, पण सगळ्यात वाईट ग्रुपही शेजारी लिहा. मी सरासरीइतकंच वजन त्या वाईट ग्रुपला देतो. एकाची सरासरी ५.६ आणि वाईट ६.८, दुसऱ्याची सरासरी ५.७ आणि वाईट ६.०, असं असेल तर मी दुसरं घेईन.

दोन नमुन्यांत ०.१-०.२ मिमीचा फरक असेल तर तो फरक नाहीच असं समजा. एवढ्या शॉटमध्ये तो निव्वळ योगायोगाने येतो. अशा वेळी जे स्वस्त आहे किंवा ज्या लॉटच्या जास्त डब्या मिळतायत ते घ्या. महागडं पेलेट टेस्टमध्ये मागे पडलं तर वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या बॅरलला किंमत कळत नाही.

पहिल्या दोघांची टेस्ट वेगळ्या दिवशी पुन्हा घ्या. निकाल तोच आला तरच पैसे काढा.

१०. खांद्यावर पडताळणी आणि खरेदी

निवडलेलं पेलेट घेऊन साइट पुन्हा झीरो करा, कारण ग्रुपची जागा बदललेली असते. मग काही सराव सत्रं त्याच पेलेटवर करा. इथे स्कोअरमध्ये चमत्कार होईल ही अपेक्षा ठेवू नका, वरचं गणित आठवा. फायदा वेगळा आहे: ९.८ लागला की "पेलेट खराब होतं का?" ही शंका उरत नाही. चूक स्वतःची आहे हे लगेच मान्य करता येतं आणि पुढच्या शॉटकडे जाता येतं.

खरेदी एका हंगामाला पुरेल एवढीच करा, एकाच लॉटची. मॅचसाठीच्या डब्या वेगळ्या ठेवा, सरावाला त्याच ब्रँडचं साधं पेलेट चालतं. मुंबई आणि कोकणात पावसाळ्यात शिशावर पांढरट भुकटी धरते. डबीभोवती टेप लावा, डबा बंद ठेवा, आत सिलिका जेलची पुडी टाका. भुकटी धरलेलं पेलेट मॅचला वापरू नका, आणि ते फुंकून साफ करू नका, शिशाची धूळ श्वासात जाते.

.२२ कडे जाणार असाल तर

स्वप्नील कुसाळेच्या पॅरिसमधल्या ५० मीटर थ्री पोझिशनच्या कांस्यपदकानंतर कोल्हापूर-पुण्याकडची बरीच मुलं .२२ कडे वळायचं म्हणतात. तिथे लॉट टेस्टिंग याहून जास्त महत्त्वाचं ठरतं. अंतर पाचपट, आणि एकाच बॅरलमधून दोन लॉटमध्ये डोळ्यांना दिसेल एवढा फरक येतो. मोठे नेमबाज रायफल किंवा नुसतं बॅरल घेऊन जर्मनीत, इंग्लंडमध्ये काडतूस कंपन्यांच्या टेस्ट रेंजवर जातात, तिथे ओळीने लॉट मारून बघतात आणि जो बसेल तो तिथेच राखून ठेवतात.

आपल्यासारख्यांनी क्लबमध्ये जे लॉट आले असतील त्यातून प्रत्येकी एक-दोन पाकिटं घेऊन वरच्याच पद्धतीने बघावं. फरक एवढेच: लॉट बदलल्यावर बॅरलमध्ये नव्या काडतुसाचं मेण बसेपर्यंत दहा-पंधरा शॉट सोडून द्या, वारा पडलेला असताना, सकाळी लवकर मारा, आणि प्रत्येक काडतुसाची नोंद ठेवा. .२२ च्या रायफलला आणि काडतुसांना परवाना लागतो, ती क्लबच्या नावावर असतील तर क्लबच्या रजिस्टरमध्ये खर्च लिहावा लागतो. वापरलेल्या आणि उरलेल्या काडतुसांचा हिशोब रेंज सोडण्याआधी जुळवून सही करा.